भाव ठरवण्याआधीचा प्रश्न

८ ऑगस्ट २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरी डोंगररांगेतली ६६०.७४९ हेक्टर वनजमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी द्यायला मंजुरी दिली आणि कंपनीने भरायच्या रकमाही ठरवून दिल्या. जंगलाच्या ‘निव्वळ वर्तमान मूल्या’पोटी ५५ कोटी रुपये, वन्यजीव आराखड्यासाठी ५० कोटी ५३ लाख, आदिवासी विकासासाठी १२ कोटी २० लाख. शिवाय दरवर्षी नफ्याच्या ५ टक्के किंवा १० कोटी, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती परिसराच्या विकासासाठी.

पहिल्या रकमेला क्षेत्रफळाने भागले की हेक्टरी साधारण ८ लाख ३० हजार रुपये येतात. सातबारा वाचणाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर गुंठ्याला साडेआठ हजारांच्या आत. चौरस फुटाला आठ रुपयेसुद्धा नाहीत.

त्या डोंगराच्या माथ्यावर डोंगरिया कोंधांचा नियमराजा राहतो. डोंगरिया त्याला आपला मूळपुरुष मानतात आणि डोंगरावरचा कायदाही त्याचाच मानतात. माथ्यावर नांगर-कुदळ चालवायची नाही, तिथले झाड तोडायचे नाही, हा तो कायदा. साधारण आठ हजार लोकांची ही जमात उतारांवर डोंगरशेती करते, हळद, अननस, फणस, आंबा पिकवते आणि माथा मात्र सोडून देते. न्यायालयाने ठरवलेल्या रकमांच्या यादीत नियमराजाचा रकाना नव्हता. तो असायला हवा होता का? असता, तर त्यात कोणता आकडा लिहायचा? हा प्रश्न अर्थशास्त्र आणि धर्म या दोघांच्याही दारात येऊन उभा राहतो, आणि दोघांनाही तो टाळता येत नाही.

आकडा आला कुठून, ते आधी पाहायला हवे. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला देता येईना. परवानगी मिळाली की दुसरीकडे झाडे लावून द्यायची, एवढ्यावर व्यवहार पुरा होई. आज तोडलेले जंगल आणि उद्या लावलेले रोप यांच्यामध्ये जी वर्षे जातात, त्या काळात झरे कशाने टिकायचे, सरपण कुठून आणायचे, माती कुणी धरून ठेवायची, याचा हिशेब कुठेच नव्हता. सरकारी कागदावर जंगलाच्या या सगळ्या कामाची किंमत शून्य होती. टी. एन. गोदावर्मन यांच्या १९९५ पासून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव हेरली आणि वनजमीन घेणाऱ्याकडून तिचे निव्वळ वर्तमान मूल्य वसूल करायला सांगितले. सुरुवातीचे दर हेक्टरी ५ लाख ८० हजार ते ९ लाख २० हजार होते. त्यांना आव्हान दिले गेले. २६ सप्टेंबर २००५ च्या निकालात न्यायालयाने तत्त्व कायम ठेवले आणि आकडा काढण्याची शास्त्रशुद्ध रीत सांगण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्या अध्यक्ष होत्या दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथमधल्या पर्यावरण-अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा.

चोप्रा यांचे नाव योग्यच होते. गावाच्या सामाईक जमिनी, चराऊ रानं, जंगल आणि त्यांवर जगणारी माणसे हा त्यांच्या अभ्यासाचा जुना विषय. गोपाळ कडेकोडी आणि एम. एन. मूर्ती यांच्यासोबत त्यांनी सामाईक संसाधने आणि लोकसहभाग यांवर लिहिलेला ग्रंथ १९९० मध्येच आला होता. त्यांच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. जंगल आपल्याला काय देते, हे तिने सात प्रकारांत मांडले: इमारती लाकूड, हवेतल्या कर्बाची साठवण, सरपण आणि चारा, मध-डिंकासारखे गौण वनोपज, पर्यटन, पाणलोटाचे काम आणि जैवविविधता. यातले प्रत्येक देणे कुणाच्या पदरात पडते, हेही समितीने वेगळे काढले. सरपण गेले तर नुकसान शेजारच्या गावाचे, लाकूड गेले तर राज्याचे, कर्बाची साठवण गेली तर साऱ्या देशाचे आणि जगाचे. म्हणून भरपाईचे पैसेही त्याच हिशेबाने गाव, राज्य आणि देश यांच्यात वाटावेत, अशी तिची शिफारस होती.

मार्च २००८ मध्ये न्यायालयाने जे दर मंजूर केले, ते या अहवालाच्या पुढे झालेल्या कामावर आधारलेले होते. देशातल्या जंगलांचे सहा वर्ग, प्रत्येकात दाटपणानुसार तीन पायऱ्या, आणि हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजारांपर्यंतचे दर. अभयारण्यातली जमीन अगदीच अटळ असेल तरच, आणि पाचपट दराने. राष्ट्रीय उद्यानातली दहापट दराने. २०२२ मध्ये दर सुमारे दीडपट झाले. पैसा जमत गेला, त्याच्या विनियोगासाठी २०१६ मध्ये कायदा झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम राज्यांच्या हवाली केली. ती मुख्यतः वनखात्यांकडे गेली. ज्या गावाचे सरपण गेले, त्या गावाचा हक्काचा वाटा म्हणून काही वेगळे निघाले नाही.

तरीही चोप्रा यांच्यासारख्यांच्या कामाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. राज्यकारभारात ज्याला किंमत नाही ते फुकट समजले जाते. धरण, रस्ता, खाण यांच्या लाभाचे आकडे छापील असतात. ओढ्याचा आकडा नसतो, म्हणून तो हरतो. अमेरिकेत जॉन क्रुटिला यांनी १९६७ मध्ये एका शोधनिबंधात हेच दाखवले होते. एखादी दरी, एखादा प्राणी आपण कधीही पाहणार नसलो, तरी तो आहे एवढ्यानेच माणसाला काहीतरी मिळते. त्याला पुढे ‘अस्तित्वमूल्य’ असे नाव मिळाले. केंब्रिजचे पार्थ दासगुप्ता यांनी ब्रिटनच्या अर्थखात्यासाठी २०२१ मध्ये लिहिलेल्या जैवविविधतेच्या अर्थशास्त्रावरच्या अहवालात राष्ट्राची संपत्ती मोजताना निसर्गाची झीज वजा केलीच पाहिजे, असे बजावले, आणि निसर्गाचे मोल केवळ उपयोगात संपत नाही, हेही मान्य केले. ही सगळी माणसे निसर्गाच्या बाजूने लढणारी आहेत. त्यांचे हत्यार मोजमापाचे आहे, एवढेच.

अडचण मोजमापाच्या पोटातच आहे, आणि ती दोन ठिकाणी दिसते.

पहिले ठिकाण काळाचे. ‘वर्तमान मूल्य’ काढताना पुढच्या वर्षांचा लाभ दरवर्षी थोडा थोडा घटवत आणावा लागतो. व्याजदर ५ टक्के धरला, तर पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत पावणेनऊ रुपयांच्या आसपास येते. १० टक्के धरला, तर ८५ पैसे. आज जन्मलेले मूल पन्नाशीला पोचेल तेव्हा त्याला मिळणारे शंभर रुपयांचे पाणी या दराने आजच्या हिशेबात रुपयाच्याही खाली उतरते. फ्रँक रॅम्झी या पंचविशीतल्या गणितज्ञाने १९२८ मध्येच यावर बोट ठेवले होते. पुढच्या पिढीचे सुख केवळ ती पुढची आहे म्हणून कमी मोजणे नीतीला धरून नाही, अशी त्याची ठाम भूमिका होती. पिढ्यांचा विचार करणाऱ्या धर्मपरंपरांना हे सांगावे लागत नाही. पूर्वजांचे ऋण आणि वंशजांचा वाटा त्यांच्या हिशेबात आधीच धरलेला असतो, आणि त्यावर घट लावण्याची पद्धत तिथे नाही.

दुसरे ठिकाण अधिक खोल आहे. निसर्गाचे अस्तित्वमूल्य मोजायची एक रूढ रीत म्हणजे माणसांना विचारायचे: हे जंगल, ही नदी राहावी म्हणून तुम्ही किती द्याल? किंवा, हे गेले तर किती भरपाई घ्याल? मार्च १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटले. अमेरिकेतल्या ज्या कुटुंबांनी तो किनारा कधी पाहिलाही नव्हता, त्यांना असेच प्रश्न विचारून नुकसानीचा आकडा काढला गेला, सुमारे २८० कोटी डॉलर. या पद्धतीवर वाद पेटला. तेव्हा केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलविजेत्यांच्या नेतृत्वाखाली मंडळ नेमले गेले. १९९३ च्या अहवालात मंडळाने पद्धत मान्य केली, पण सुचवले की ‘किती घ्याल’ असे विचारू नये, ‘किती द्याल’ असेच विचारावे. पहिल्या प्रश्नाला मिळणारी उत्तरे अवाच्या सवा असतात.

आणि काही जण उत्तरच देत नाहीत. प्रश्नावली पुढे केली की ते म्हणतात, हा प्रश्नच चुकीचा आहे, ही वस्तू विकायची नाही. अभ्यासकांच्या परिभाषेत ही ‘निषेधाची उत्तरे’. रूढ संख्याशास्त्रीय शिस्त अशी की ती वेगळी काढायची आणि उरलेल्यांची सरासरी घ्यायची. कारण नकाराला आकडा नसतो, आणि आकड्याशिवाय सरासरी निघत नाही. गणिताच्या बाजूने हे निर्दोष आहे. पण ज्याची श्रद्धा सगळ्यात घट्ट, नेमके त्याचेच म्हणणे हिशेबातून गळते. देवाविषयी विचारायचे आणि भाविकाचे उत्तर बाजूला ठेवायचे, असा प्रकार होतो.

पवित्र असणे म्हणजे फार महाग असणे नव्हे. नियमगिरीचा दर हेक्टरी आठ लाखांऐवजी आठ कोटी ठेवला असता, तरी नियमराजाच्या रकान्याचा प्रश्न सुटला नसता. इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये नीतीविषयीच्या आपल्या ग्रंथात एक भेद केला होता. काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे त्यांच्या जागी तेवढ्याच मोलाची दुसरी गोष्ट ठेवता येते. काहींना प्रतिष्ठा असते. त्यांच्या जागी ठेवण्याजोगे दुसरे काही नसतेच. कांटने ही प्रतिष्ठा माणसालाच दिली, कारण आपल्यावर आपणच कायदा घालून घेण्याची ताकद माणसापाशी आहे. डोंगराला ती द्यायला तो तयार झाला नसता. देवाने दिलेला कायदा हा स्वतःचा कायदा नव्हे, असेही त्याने म्हटले असते. पण नियमराजाचा कायदा पाळायला माथ्यावर पहारेकरी नव्हता. जमीन हवी असूनही माथा सोडायचा, हे डोंगरियांच्या प्रत्येक पिढीने पुन्हा आपल्या मनाने ठरवले. कायदा देवाच्या तोंडून आला असेल. तो पाळणे माणसांचे होते. त्या पाळण्याच्या जागी ठेवता येईल असे काय आहे? दुसरीकडे लावलेली रोपे ती जागा भरून काढत नाहीत.

इथे सह्याद्रीतल्या देवरायांकडे वळायला हवे, कारण या प्रश्नावर महाराष्ट्रात विचार झालेला आहे. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि पुण्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी गावोगाव फिरून देवरायांचा शोध घेतला आणि १९७६ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांच्याकडे मदत मागितली होती. गावची देवराई तोडायचे घाटत होते. अभ्यासक तिथे पोचले तेव्हा गावकऱ्यांनी देवीइतकेच पाण्याबद्दलही सांगितले: राईतून निघणारा ओढा बारमाही आहे, राई गेली की ओढा आटेल आणि त्यावरची भातशेती जाईल. राई वाचली.

या अनुभवातून एक स्पष्टीकरण पुढे आले आणि ते लोकप्रिय झाले. देव हे निमित्त, खरे कारण पाणी. पूर्वजांनी परिसरशास्त्र श्रद्धेच्या वेष्टनात बांधून ठेवले. त्यात तथ्य आहे. पण ते पूर्ण मानले, तर मोठा धोका आहे. देव जर पाण्यासाठीच असेल, तर उद्या कुणी म्हणेल, नळयोजना देतो, राई द्या. आणि मग नाही म्हणायला गावाकडे काहीच उरत नाही. गाणीच्या लोकांना ओढ्याचे मोल ठाऊक होते आणि देवीचे भयही होते. एकाचे दुसऱ्यात भाषांतर करण्याची त्यांना गरज पडली नव्हती.

देवराईतला व्यवहार जवळून पाहिला की हे कळते. कोकणात राईतले झाड तोडायची वेळ आली, म्हणजे देवळाच्या तुळया बदलायच्या आहेत किंवा वादळाने झाड कलले आहे, तर आधी देवाला कौल लावतात. गुरव मूर्ती पाण्याने ओली करतो आणि तिच्या अंगावर फुलांच्या कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतो. गावकरी गाऱ्हाणे घालतात, हेतू सांगतात, आणि वाट पाहतात. उजवी कळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर झाड राहते, तुळई दुसरीकडून आणायची. कधी कधी बराच वेळ कळी पडतच नाही आणि मंडळी तशीच बसून राहतात. या विधीत दैवी संकेत आहे की नाही, हा ज्याच्या त्याच्या विश्वासाचा भाग. पण जमिनीच्या वापराचा निर्णय घेण्याची ती एक रीत आहे आणि तिची बांधणी विचार करण्याजोगी आहे: हेतू चारचौघांत बोलून दाखवावा लागतो, थांबावे लागते, आणि नकार येण्याची शक्यता खरोखरची असते. नकार आला तर तो भरपाई देऊन फिरवता येत नाही.

धर्माने प्रत्येक वेळी जंगल वाचवले, असे मात्र म्हणता येत नाही. कोकणात आणि मावळात कितीतरी राया गेल्या त्या जीर्णोद्धारापायी. कौलारू किंवा उघड्यावरच्या देवस्थानाला सिमेंटचे मंदिर, सभामंडप, कमान हवी झाली. त्याचा खर्च राईतली झाडे विकून निघाला. देव तोच राहिला, भक्तीही कमी झाली नाही, आणि तरी राई गेली. श्रद्धेचा विषय राईकडून इमारतीकडे सरकला की जंगलाचे संरक्षण संपते. म्हणून ‘श्रद्धा आहे’ एवढ्यावर थांबून चालत नाही. ती श्रद्धा कशाला हात लावू देत नाही, हे पाहावे लागते.

तेच पाहिले तर श्रद्धेचे दोन दावे वेगळे काढता येतात. एक म्हणतो, इथे माझा देव आहे, म्हणून ही जमीन मला द्या. दुसरा म्हणतो, इथे देव आहे, म्हणून मी ही जमीन घेतली नाही आणि कुणीही घेऊ नये. पहिल्या दाव्याची भीती रास्त आहे. श्रद्धेच्या नावाने जमिनी बळकावल्या गेल्याची उदाहरणे या देशाला नवी नाहीत, आणि कुणीही उठून देव पुढे केला तर दवाखाना, शाळा, रस्ता बांधणे अशक्य होईल. दुसऱ्या दाव्याचा पुरावा मात्र जमिनीवर असतो. पिढ्यान्‌पिढ्या न नांगरलेला माथा, न तोडलेले हिरडे-ऐन, न चारलेले गवत.

आणि नेमका इथे अर्थशास्त्राचा उपयोग होतो. अर्थशास्त्रात संधी-खर्च नावाची संकल्पना आहे: एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते, तिचे मोल. चार महिने पुरेल एवढे सरपण हाकेच्या अंतरावर उभे असताना बायकांनी डोंगर चढून मोळ्या आणल्या, दुष्काळात राईतले लाकूड विकले नाही, पोटाला कमी पडत असताना माथा पेरला नाही. हा सगळा संधी-खर्च आहे आणि तो गरिबांनी भरला आहे. म्हणजे देवाच्या जागेला किंमत नव्हती, असे नाही. भाविक ती पिढ्यान्‌पिढ्या मोजत आले. देवासाठी मोजलेली किंमत आणि देवाच्या बदल्यात घ्यायची किंमत यांत फरक आहे, आणि चोप्रा समितीच्या सात प्रकारांत पहिलीला जागा नाही. ती जंगलाने दिलेल्या सेवांची यादी आहे. माणसांनी जंगलासाठी सोडलेल्या गोष्टींची नाही. अशी दुसरी यादी कुणी अभ्यासकाने नेटाने केली, तर एखाद्या समाजाचा नकार किती जुना आणि किती खरा आहे, हे न्यायालयापुढे ठेवता येईल. त्या यादीच्या शेवटी विक्रीचा आकडा नसेल. हक्काचा पुरावा असेल.

हक्काच्या बाबतीत आपला कायदा विचित्र जागी उभा आहे. देवळातली मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये हे स्पष्टपणे मांडले आणि तेव्हापासून ते पक्के आहे. देवाच्या नावाने जमीन असते, सातबाऱ्यावर देवाचे नाव लागते, देव दावा लावू शकतो. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या प्रकरणात पुन्हा सांगितले की देवस्थानच्या जमिनीचा मालक देव असतो, पुजारी नव्हे. पण हे सगळे घडवलेल्या, प्रतिष्ठापना केलेल्या मूर्तीचे. ज्या देवाला देऊळ नाही, जो डोंगरातच राहतो किंवा डोंगरच आहे, त्याच्या नावाने उतारा निघत नाही. नियमगिरीचा माथा सरकारी कागदांत वनजमीन होता. एका प्रकारच्या देवाला मालकी, दुसऱ्याला मोजमाप. हा भेद तत्त्वज्ञानातून आलेला नाही. शेतसारा वसूल करणाऱ्या राज्याला देऊळ ओळखता येत होते, डोंगर येत नव्हता, एवढेच त्याचे कारण.

१८ एप्रिल २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या भेदावर वेगळ्या वाटेने मात केली. दरम्यान बरेच घडले होते. एन. सी. सक्सेना समितीने ऑगस्ट २०१० मध्ये वनहक्क कायद्याचे उल्लंघन नोंदवले होते, आणि त्याच महिन्यात तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी अंतिम परवानगी नाकारली होती. ओडिशाचे खाण महामंडळ त्याविरुद्ध न्यायालयात आले. न्यायालयाने नियमराजाला व्यक्ती ठरवले नाही, त्याची किंमतही विचारली नाही. घटनेतले धर्मस्वातंत्र्य आणि २००६ चा वनहक्क कायदा एकत्र वाचून न्यायालयाने सांगितले की या डोंगरावरच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांना खाणीने बाधा येते का, हे ग्रामसभा ठरवतील, आणि जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अधिकारी तिथे निरीक्षक म्हणून हजर राहील.

ओडिशा सरकारने बारा गावे निवडली, सात रायगडा जिल्ह्यातली, पाच कालाहंडीतली. डोंगरावर आणि पायथ्याशी शंभराहून जास्त वस्त्या असताना बाराच का, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. १८ जुलै २०१३ ला सेरकापाडीत पहिली सभा झाली, १९ ऑगस्टला जरपा गावात शेवटची. पावसाळ्याचे दिवस, चिखलाच्या वाटा, पोलिसांचा बंदोबस्त, आणि आपल्या भाषेत एकेकाने उठून सांगितलेले म्हणणे नोंदवून घेणारे न्यायाधीश. सभांमध्ये प्रौढ स्त्री-पुरुष बोलले. झऱ्यांबद्दल बोलले, कंदमुळांबद्दल बोलले, नियमराजाबद्दल बोलले. बाराही गावांनी नकार दिला. डोंगरापैकी थोडाच भाग लागणार आहे, हा युक्तिवाद कुणाला पटला नाही. देव माथ्याच्या अमुक हेक्टरांत राहतो, असे हद्द आखून दाखवायला ते तयार नव्हते. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने खाणीचा प्रस्ताव फेटाळला. २०१६ मध्ये ओडिशाने पुन्हा ग्रामसभा घेऊ देण्याची मागणी केली, ती न्यायालयाने ऐकली नाही.

प्रश्नावलीच्या पद्धतीने पाहिले असते, तर ही बाराही उत्तरे निषेधाची म्हणून कोष्टकाबाहेर गेली असती. ग्रामसभेने त्यांना मोजण्याचा अट्टहास सोडला आणि ऐकण्याची सोय केली. प्रश्नावलीत एकटा माणूस ग्राहक म्हणून उत्तर देतो. सभेत तो शेजाऱ्यांसमोर, मुलांसमोर बोलतो, आणि त्याच्या म्हणण्याला कारण द्यावे लागते. अमेरिकन तत्त्वज्ञ मार्क सॅगॉफ यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात हाच भेद मांडला होता: ग्राहक म्हणून माणसाला काय हवे असते आणि नागरिक म्हणून तो काय योग्य मानतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला भाव लावून पहिलीत ओतता येत नाही.

नियमगिरीचा निकाल देशभर वळण लावेल, अशी तेव्हा आशा होती. तसे झाले नाही. जून २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्क कायद्याच्या पूर्ततेची जबाबदारी राज्यांवर टाकली, आणि तीही केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतरच्या टप्प्यावर. म्हणजे दर ठरतो, पैसे भरले जातात, मंजुरी येते, आणि मग गावाचे हक्क बघायचे. इतक्या पुढे गेलेल्या प्रकल्पाला गावाने नाही म्हणणे व्यवहारात किती कठीण, हे सांगायला नको. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातला सुरजागड डोंगर माडिया गोंडांना ठाकूरदेवाचा म्हणून पूज्य आहे. जानेवारीत तिथे आसपासच्या गावांची यात्रा भरते. त्याच डोंगरात लोहखनिज आहे आणि खाण सुरू आहे. त्याच जिल्ह्यात, मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि ग्रामसभेच्या एकमताने त्याचा कारभार चालवून दाखवला. एकाच जिल्ह्यात हे दोन्ही मार्ग समोर आहेत.

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरण, म्हणजे तिथल्या देवरायांबद्दल निकाल दिला. सगळ्या ओरणांचे सर्वेक्षण करून त्यांना जंगल म्हणून अधिसूचित करावे, जपणाऱ्या समाजांना वनहक्क कायद्याखाली अधिकार द्यावेत, आणि देशभरच्या देवरायांसाठी केंद्राने धोरण आखावे, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रातल्या देवराया हजारांच्या घरात आहेत. कुठे महसूल खात्याची जमीन, कुठे वनखात्याची, कुठे देवस्थान समितीची, कुठे खासगी. धोरण आले की त्यांचीही मोजणी होईल. त्या मोजणीत क्षेत्रफळ आणि झाडांची संख्या एवढेच उतरले, तर उद्या त्यावर हेक्टरी दर लावणे सोपे होईल, आणि राखणारा गाव आपल्याच राईत परका ठरण्याची भीती राहील. म्हणून नोंदीत आणखी काही उतरायला हवे: हद्द कुणी आणि कशावरून सांगितली, राईत काय करायला मनाई आहे, कौल कोण लावतो, शेवटचे झाड कधी आणि कशासाठी तोडले, कोणत्या पाण्याला राईचा आधार आहे, आणि निर्णय घेणाऱ्या सभेत कोणकोण बसते. त्यात स्त्रियांना जागा आहे का, हेही विचारले पाहिजे, कारण कितीतरी राया पुरुषांच्याच शब्दावर चालतात आणि सरपणाचा भार मात्र बायका उचलतात.

अशी नोंद असली, तर कांचन चोप्रा यांच्या समितीच्या पद्धतीलाही तिची योग्य जागा मिळेल. जिथे गावाने सगळी माहिती हातात घेऊन, दडपणाशिवाय, जमीन द्यायला होकार दिला आहे, तिथे जंगलाचे मूल्य काटेकोर काढावे, घट लावताना पुढच्या पिढीला फसवू नये, आणि समितीने २००६ मध्येच सुचवल्याप्रमाणे गावाचा वाटा गावाला पोचवावा. जिथे नकार आहे, तिथे आकडेमोड सुरूच करू नये. आज परवानगीच्या अर्जात दर आधी येतो आणि ग्रामसभा नंतर. हा क्रम फिरवण्यासाठी नियम बदलावे लागतील. २००६ चा कायदा आणि २०१३ चा निकाल त्यासाठी हाताशी आहेत.